रिलोड केलेलं काडतूस चेंबरमध्ये घट्ट जातंय? आधी ते कुठे टेकतंय ते शोधा

बोल्ट पुढे गेला, हँडल खाली वळवायला घेतलं आणि मध्येच अडलं. रिलोडिंग (वापरलेली पितळी पुंगळी परत भरून काडतूस बनवणं) नवीन असताना हे जवळजवळ सगळ्यांच्याच वाट्याला येतं. अशा वेळी तळहाताने एक दणका देऊन हँडल खाली बसवायचा मोह होतो आणि बरेचदा ते बसतंही, कारण बोल्टच्या लग्जना (बोल्ट बंद धरणारे दात) जो कॅम (उतार) असतो त्याची ताकद एवढी असते की पितळ दबतंच. पण दबलं म्हणजे बरोबर झालं असं नाही. पुंगळीचं तोंड लांब झालेलं असेल तर जोर लावल्यावर ते चेंबरच्या पुढच्या कडेवर जाऊन आत वळतं आणि बुलेटला आवळून धरतं, मग फायर झाल्यावर मान (पुंगळीचा बुलेट धरणारा अरुंद भाग) उघडायला जागाच नसते, बुलेट सुटत नाही आणि प्रेशर झपकन वर जातं. .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसासाठी सॅमी या अमेरिकन संस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) आहे, म्हणजे नेहमीच्याच लोडमध्ये आपण भरपूर प्रेशरवर खेळत असतो, त्यात अजून भर नको.

म्हणून अडलं की थांबायचं. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून लांब, आणि बोल्ट हळू मागे घ्यायचा. काडतूस सरळ बाहेर आलं तर त्याच्यावर मार्करने फुली मारून बाजूला ठेवा, ते आता पुरावा आहे. कधीकधी पुंगळी बाहेर येते आणि बुलेट रायफलिंगमध्ये (नळीच्या आतल्या पीळदार खाचांमध्ये) अडकून आतच राहते, पावडर सगळी अॅक्शनमध्ये सांडते. अशा वेळी चुकूनही मागून दुसरं काडतूस घालू नका. पावडर झाडून काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्याने आणि बोटाने बघा, आणि मग नळीच्या तोंडाकडून क्लीनिंग रॉड घालून बुलेट हलक्या ठोक्याने मागे काढा. आणि अख्खं जिवंत काडतूसच अडकून बसलं, बोल्ट मागेही येत नाही, तर हातोडी वगैरे काही नाही, रॉड तर अजिबात नाही, नळी सुरक्षित दिशेला ठेवून सरळ गनस्मिथला बोलवा.

आता मुद्द्याचं. कुणालाही विचारलं की काडतूस घट्ट जातंय तर पहिलं उत्तर येतं "साईझिंग डाय अजून खाली घे" (ही डाय प्रेसमध्ये लावतात, ती फायर झालेली पुंगळी आवळून परत मापात आणते). दहापैकी बऱ्याच वेळा ते बरोबरही निघतं, त्यामुळेच हा सल्ला एवढा पसरलाय. पण उरलेल्या वेळी तो नुसता निरुपयोगी नाही तर नुकसान करणारा असतो, कारण अडतंय क्रिंपमुळे (पुंगळीचं तोंड बुलेटवर दाबून आवळणं) आणि आपण खांदा (मानेखालचा उतरता भाग) मागे ढकलत बसतो, मग घट्टपणा तसाच राहतो आणि वर पुंगळ्या तुटायला लागतात. घट्ट काडतूस चेंबरमध्ये कुठेतरी एका ठराविक जागी टेकत असतं. ती जागा सापडेपर्यंत कुठल्याही डायच्या चेकनटला (डाय जागेवर पक्की करणारं नट) हात लावायचा नाही, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं.

तपासणीची तयारी

जिवंत काडतुसं घरात रायफलमध्ये घालून बघायची नाहीत, कधीच नाही. डमी बनवा: प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली टोपी) नाही, पावडर नाही, फक्त पुंगळी आणि बुलेट. प्रायमरची जागा रिकामी दिसली पाहिजे, शिवाय अंगाला एक भोक पाडलं तर अजून बरं, म्हणजे कुणाच्याही हातात गेली तरी ती डमीच आहे हे कळतं. जिवंत माल आणि डमी एकाच टेबलवर नकोत.

बोल्टमधून फायरिंग पिनची असेंब्ली काढून ठेवा. यामुळे सुरक्षितता तर येतेच, पण खरा फायदा म्हणजे स्प्रिंगचा जोर गेल्यावर हाताला बारीक फरक कळायला लागतो. ज्या बोल्टच्या तोंडावर स्प्रिंगवाला इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा) असतो तोही काढता आला तर उत्तम, नाहीतर तो पुंगळीला सतत पुढे आणि बाजूला ढकलत राहतो आणि आपल्याला वाटतं खांदाच टेकतोय. इजेक्टरची पिन काढायची सवय नसेल तर राहू द्या, फक्त तो जोर हिशोबात धरा. रिकाम्या चेंबरवर असा मोकळा केलेला बोल्ट लावला तर हँडल जवळजवळ स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवं. तिथेच घासत असेल तर गडबड काडतुसात नाहीच, लग्ज आणि त्यांच्या खाचा आधी साफ करा.

चेंबरही साफ करूनच सुरुवात करा. चेंबरच्या गळ्याशी, जिथे पुंगळीचं तोंड संपतं तिथे, कार्बनचं कडं जमतं आणि ते इतकं कडक होतं की साध्या पॅचने निघतच नाही. गेल्या सीझनला मोकळी जाणारी तीच काडतुसं यंदा घट्ट जायला लागली, रेसिपी तीच, डाय तीच, तर पहिला संशय इथे घ्या. कधीकधी एवढ्यावरच हा लेख वाचायची गरज संपते.

मॉझर ९८ सारखा मोठा पंजा असलेला एक्स्ट्रॅक्टर (पुंगळीच्या बुडाची कड, म्हणजे रिम, धरून मागे ओढणारा) असेल तर डमी हाताने चेंबरमध्ये टाकून बोल्ट रेटू नका. तो एक्स्ट्रॅक्टर रिमवर उडी मारण्यासाठी बनवलेला नाही, रिम खालून सरकत त्याच्या आत यावी लागते. मॅगझिनमधूनच फीड करा, नाहीतर नसलेला दोष शोधत बसाल.

अडतंय कसं, ते हाताने ओळखा

बोल्ट पूर्ण पुढेच जात नाही, हँडल वळायलाच तयार नाही, असं असेल तर अडथळा मोठा आहे: बुलेट फार लांब बसलीय, अंगाला फुगवटा आलाय किंवा काडतूसच चुकीचं आहे. हँडल वळतं पण खाली जाताना हळूहळू जड होत जातं, तर बहुतेक खांदा. हँडल मोकळं येतं आणि अगदी शेवटी टणक लागतं तर तोंडाची लांबी किंवा वर राहिलेला प्रायमर. बंद करताना ठीक पण उघडताना ओढावं लागतं, तर बुलेट रायफलिंगमध्ये रुतलीय किंवा बुडाशी पुंगळी जाड आहे. हे काही कायदे नाहीत, अंदाज आहेत, पण पुढची चाचणी कुठून सुरू करायची ते यावरून ठरतं.

एकेक पायरी वाढवत जा

यात हुशारी काही नाही, फक्त क्रम सोडायचा नाही. सगळ्यात आधी फॅक्टरीची डमी किंवा गो गेज (चेंबर तपासायचा मापी तुकडा, यावर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर नाही) असेल तर तो घालून बघा. .३०८ साठी गो गेज १.६३० इंचाचा असतो आणि नो-गो १.६३४ चा. गो गेजवरच बोल्ट बंद होत नसेल तर तुमचं रिलोडिंग निर्दोष आहे, रायफल गनस्मिथकडे न्या.

मग स्वतःच्याच रायफलमध्ये फायर झालेली, अजून साईझ न केलेली पुंगळी, प्रायमर काढून टाकलेली. ती बहुतेक वेळा थोड्याशा स्पर्शाने किंवा मोकळी जाते. मग साईझ केलेली पण ट्रिम न केलेली. मग ट्रिम केलेली. मग बुलेट बसवलेली पण क्रिंप नसलेली. आणि शेवटी क्रिंप केलेली. ज्या पायरीला घट्टपणा पहिल्यांदा आला तिथेच दोष घुसलाय, त्याच्या आधीच्या गोष्टींचा आता विचारही करायचा नाही. नुसती साईझ केलेली रिकामी पुंगळीच अडत असेल तर बुलेट कितीही खोल बसवली तरी काही होणार नाही, आणि रिकामी पुंगळी मोकळी जात असेल तर साईझिंग डायला हात लावायचं कारणच नाही.

काळा मार्कर हे यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी साधन. डमी पूर्ण काळी करा, मान, खांदा, अंग, बूड आणि बुलेटचा निमुळता भागसुद्धा. शाई वाळू द्या. अगदी हलक्या हाताने बोल्ट बंद करा, जिथपर्यंत जातो तिथपर्यंतच, आणि उघडा. आता उजेडात फिरवून बघा. खांद्यावर सगळीकडून सारखी पिवळी पट्टी उमटली असेल तर खांदा टेकतोय. मानेच्या अगदी टोकाला चमकती कड दिसली तर लांबी. बुलेटवर समान अंतरावर छोटे चौकोनी ओरखडे दिसले तर ते लँड्सचे (रायफलिंगच्या उंचवट्यांचे) ठसे आहेत. आणि खांदा पूर्ण काळाच आहे पण खांद्याच्या जरासं खाली, जिथे अंग सुरू होतं तिथे, एक बारीक सोनेरी कडं चमकतंय, बोट फिरवलं तर नखाला हलकासा उंचवटाही लागतो, तर ते क्रिंपचं काम आहे. एका बाजूलाच लांब उभा ओरखडा असेल तर त्याकडे दुर्लक्ष करा, तो मॅगझिनच्या ओठांचा किंवा फीड रॅम्पचा असतो.

खांदा

सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडतो, म्हणून इथे थोडं थांबूया.

नवीन लोकांना एक गोष्ट पटतच नाही ती म्हणजे साईझ केलेली पुंगळी फायर झालेल्या पुंगळीपेक्षा लांब असू शकते. पण होतं तसंच. डाय आधी पुंगळीचं अंग आवळते, आणि ओल्या मातीचा गोळा मुठीत आवळला की तो वरून बाहेर येतो तसं पितळ पुढे सरकतं आणि खांदा वर जातो. डाय अजून खाली आली की तिचा खांदा पुंगळीच्या खांद्याला लागतो आणि मग तो मागे ढकलला जातो. म्हणजे डाय अर्धवट खाली लावलेली असेल तर आपण फक्त पहिला निम्मा भाग करतो, खांदा पुढे ढकलतो आणि सोडून देतो. फायर झालेली पुंगळी मोकळी जाते आणि साईझ केल्यावर घट्ट होते, असं दिसलं तर हेच चाललंय.

मोजायला व्हर्निअर कॅलिपर आणि त्याला लावायचा हेडस्पेस कम्पॅरेटर (बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजायचा जोड) लागतो. कम्पॅरेटरचा आकडा खरं माप नसतो, तो फक्त तुलनेसाठी, त्यामुळे दुसऱ्याचे आकडे स्वतःला लावू नका. मोजण्याआधी फायर झालेला प्रायमर काढा, नाहीतर त्याचा फुगलेला कडा मापात येतो. समजा तीन-चार पुंगळ्यांवर फायर झाल्यानंतरचा आकडा १.६२८ इंच येतोय आणि साईझ केल्यावर १.६३०. बोल्ट रायफलला फायर झालेल्या मापापेक्षा १ ते २ थाऊ मागे खांदा हवा (१ थाऊ म्हणजे ०.००१ इंच), म्हणजे आपल्याला १.६२६ ते १.६२७ पाहिजे. सेमी-ऑटोला ३ ते ५ थाऊ धरतात, कारण तिथे हाताचा जोर नाही, स्प्रिंगच्या जिवावर बंद व्हायचं असतं.

तर साधारण साडेतीन थाऊ कमी करायचेत. डाय किती फिरवायची? नेहमीच्या रिलोडिंग डायला इंचाला १४ आटे असतात, म्हणजे एक पूर्ण फेरा ७१ थाऊचा. त्यामुळे एक थाऊ म्हणजे फक्त ५ अंश, आणि लोक सहज म्हणून जो पाव फेरा देतात तो जवळजवळ १८ थाऊचा! म्हणूनच डायवर आणि प्रेसवर मार्करची एक रेघ मारून घ्या आणि रेघेवरून बोटभरही न सरकवता थोडं थोडं फिरवा, दर वेळी नवीन पुंगळी साईझ करा, मोजा. एकच पुंगळी परत परत साईझ केली तर आकडा फसवतो. चेकनट घट्ट करतानाही डाय फिरते, त्यामुळे डायमध्ये पुंगळी असताना, रॅम (पुंगळी वर नेणारा प्रेसचा खांब) वर असताना चेकनट आवळा.

इथे प्रेसची लवचिकता येते. रिकाम्या प्रेसवर शेलहोल्डर (पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) डायला टेकलेला दिसतो, आपण खूश, पण पुंगळी आत गेली की सगळं प्रेस किंचित ताणलं जातं आणि दोघांमध्ये उजेडाची फट दिसते. ती फट म्हणजे न झालेलं साईझिंग. पुंगळी आत असताना मागून टॉर्च धरून बघा. फट दिसत असेल तर डाय अजून खाली हवी. काही लोकांकडे वेगवेगळ्या उंचीच्या शेलहोल्डरचा सेट असतो, त्यात जास्त नंबरचा शेलहोल्डर खांदा कमी मागे ढकलतो, चुकून +१० वाला लागला असेल तर डाय कितीही योग्य असली तरी काडतूस घट्टच येणार.

डाय बरोबर आहे पण एक पुंगळी १.६२६, दुसरी १.६२९, तिसरी १.६२७ अशी नाचतायत? दोन कारणं. एक, ल्यूब (वंगण) कमी-जास्त लागलंय, कोरडी पुंगळी डायमध्ये जास्त घासते आणि खांदा कमी मागे जातो. दोन, पितळ कडक झालंय. पितळ प्रत्येक फायर आणि साईझला कडक होत जातं आणि कडक पितळ डायमधून बाहेर आल्यावर परत उसळतं. वेगवेगळ्या वेळा वापरलेल्या पुंगळ्या एकत्र केल्या की हे हमखास होतं, म्हणून बॅच वेगळ्या ठेवा. अॅनीलिंग (तापवून पितळ मऊ करणं) केलं की उसळणं कमी होतं, पण फक्त मान आणि खांदा, बुडाकडे उष्णता गेली तर ती पुंगळी फेकायची, मऊ बूड प्रेशर धरू शकत नाही.

अजून एक चोर आहे, एक्सपांडर बॉल, म्हणजे डायमधल्या दांड्यावरचा मान आतून रुंद करणारा गोळा. साईझ करून प्रेसचा दांडा वर घेताना जाणवतं का की मानेतून बॉल ओढताना चरचरतंय, जोर लागतोय? तो बॉल मानेला आणि तिच्याबरोबर खांद्याला पुढे ओढत असतो, मागे ढकललेला खांदा परत पुढे येतो. मानेच्या आत थोडं कोरडं ग्रॅफाईट किंवा मायका लावलं की चरचर जाते. खात्री करायची असेल तर डायमधून एक्सपांडरचा दांडा काढून एक पुंगळी साईझ करा आणि मोजा.

फक्त मान साईझ करणारे लोक तर या घट्टपणाकडे चालतच जात असतात. दोन-तीन फायरिंगपर्यंत मजा येते, मग अंग आणि खांदा चेंबरएवढा होतो आणि हँडल जड होतं. माझं स्पष्ट मत, नवीन माणसाने नेक सायझिंगच्या नादाला लागूच नये, दर वेळी फुल-लेंग्थ साईझ करा आणि खांदा दीड-दोन थाऊच मागे ठेवा.

लांबी

इथे फार बोलण्यासारखं नाही, मोजा आणि ट्रिम करा. .२२३ रेमिंग्टनची कमाल लांबी १.७६० इंच, ट्रिम १.७५०. .३०८ ची २.०१५ आणि २.००५. .३०-०६ ची २.४९४ आणि २.४८४. ६.५ क्रीडमूरची १.९२० आणि १.९१०. मोजायचं मात्र साईझ केल्यानंतर, आधी नाही, कारण साईझ करतानाच ती लांब होते. ट्रिम झाल्यावर आतून-बाहेरून बर काढा, बाहेरचा बर राहिला तर तोही गळ्याशी अडतो.

बुलेट लँड्सला लागतेय

मॅन्युअलमध्ये पूर्ण लांबी दिलेली असते, .३०८ साठी कमाल २.८१० इंच, .२२३ साठी २.२६०, .३०-०६ साठी ३.३४०. पण ती पाळली म्हणजे बुलेट लँड्सला लागणारच नाही असं नाही, कारण लँड्सला बुलेटचं टोक लागत नाही, टोकामागचा फुगीर भाग, ओजाइव्ह, तो लागतो. एकाच वजनाच्या दोन बुलेटमध्ये एकीचा ओजाइव्ह जाडसर असेल तर तेवढ्याच पूर्ण लांबीला ती आधी टेकते. नवीन कंपनीची बुलेट घेतली आणि जुन्याच सेटिंगवर बसवली, तक्रार इथूनच सुरू होते.

स्वतःच्या रायफलचं माप काढायला फायर झालेली एक पुंगळी घ्या, मानेत समोरासमोर दोन बारीक उभ्या चिरा पाडा म्हणजे ती बुलेटला हलकं धरेल, बुलेट मुद्दाम लांब बसवा आणि हळूच चेंबरमध्ये घाला. लँड्स बुलेटला मागे ढकलतात. हळू बाहेर काढा आणि ओजाइव्हवरून मोजा. तीन-चार वेळा करा, आकडे जुळले पाहिजेत, एखादा लांब आला तर बुलेट बाहेर काढताना लँड्सने धरून ओढलीय. त्या मापापेक्षा २० थाऊ कमी ही सुरुवातीला सुरक्षित जागा, पूर्ण तांब्याच्या बुलेटला बरेचदा ५० थाऊही सोडतात. मात्र मॅन्युअलमध्ये दिलेल्यापेक्षा फार खोल बसवायची वेळ आली तर आतली जागा कमी होते, तेव्हा चार्ज (पावडरचं माप) खालून परत वाढवत आणा.

बसवताना सगळी काडतुसं बरोबर आणि दुसऱ्या दिवशी काही लांब? पावडर दाबून भरलेली असेल तर ती बुलेटला हळूहळू वर ढकलते. आणि एकाच डायने बसवलेल्या बुलेटची खोली बदलत असेल तर सीटिंग स्टेम (बुलेट बसवणाऱ्या सीटिंग डायमधला, बुलेट ढकलणारा दांडा) बुलेटच्या टोकावर टेकतोय का बघा, तो ओजाइव्हवर टेकायला हवा.

क्रिंपचा फुगवटा

हा दोष सगळ्यात लबाड आहे, कारण डोळ्याला दिसत नाही. बऱ्याच सीटिंग डायमध्ये क्रिंपची पायरी आतच असते. डाय जरा जास्त खाली लावली, किंवा पुंगळ्यांची लांबी कमी-जास्त असली, किंवा बुलेटला खाचच नाही तरी क्रिंप करायला गेलो, की तोंड पुढे जायला जागा नसते, दांड्याचा जोर मानेतून खांद्यावर येतो आणि खांद्याच्या खालचं अंग बाहेर फुगतं. तीन-चार थाऊ फुगलं तरी काडतूस अडतं. मघाशी मार्करमध्ये जे सोनेरी कडं सांगितलं ते हेच. रिकामी पुंगळी गेजमध्ये (चेंबरच्या आकाराच्या मापी नळीत) सुळकन जाते, भरलेलं काडतूस जात नाही, ही त्याची ओळख.

उपाय सोपा: शेलहोल्डरवर पुंगळी ठेवून रॅम पूर्ण वर घ्या, सीटिंग डाय हाताने खाली फिरवत आणा, तोंडाला क्रिंपची पायरी लागल्याचं जाणवलं की तिथून एक पूर्ण फेरा वर घ्या आणि चेकनट आवळा. आता बुलेट किती खोल हे फक्त स्टेमने ठरवा. बोल्ट रायफलला क्रिंपची गरज फारशी पडत नाही. क्रिंप करायचाच असेल तर वेगळ्या डायने, वेगळ्या स्ट्रोकमध्ये, सगळ्या पुंगळ्या एकाच लांबीच्या करून.

मान जाड, बूड जाड

फायर झालेल्या पुंगळीच्या मानेत नवीन बुलेट हाताने सोडून बघा, सहज आत घसरायला हवी. अडली तर फायर होताना मानेला उघडायला जागा मिळत नाहीये, आणि हे नुसतं घट्टपणाचं नाही, प्रेशरचं प्रकरण आहे, पुढचं लोडिंग थांबवा. मोठ्या काडतुसाची पुंगळी लहान कॅलिबरला आवळून बनवली असेल तर मान हमखास जाड होते, शिवाय मान आणि खांद्याच्या सांध्यात आतून पितळाचं एक वळं तयार होतं. बुलेटचा मागचा भाग त्या वळ्यापर्यंत गेला की मान बाहेर फुगते. उपाय म्हणजे नेक टर्निंग (मान बाहेरून तासणं) किंवा आतून रीमर (कोरायचं हत्यार). .३०८ ला भिंत १५ थाऊ जाड असेल तर भरलेल्या मानेचा व्यास ०.३३८ इंच येतो, असा हिशोब करून मायक्रोमीटरने खरा आकडा पडताळा.

बुडाचा प्रश्न बहुतेक दुसऱ्याच्या रायफलमधल्या वेचून आणलेल्या पुंगळ्यांचा. त्या चेंबरमध्ये सैल होत्या, रिमच्या वरचं अंग फुगलंय आणि साधी डाय तिथपर्यंत पूर्ण पोचत नाही. स्मॉल बेस डाय (बूड जास्त आवळणारी) लागते, किंवा अशा पुंगळ्या सरळ सोडून द्या, मी तर सोडायलाच सांगेन. बेल्टेड मॅग्नममध्ये (बुडाशी जाड पट्टा असलेली काडतुसं) बेल्टच्या जस्ट वर असाच फुगवटा येतो, त्याला वेगळी कॉलेट डाय मिळते.

बाकी किरकोळ: प्रायमर बुडाच्या पातळीच्या वर आहे का बोट फिरवून बघा, तो ३ ते ५ थाऊ आत हवा, सेमी-ऑटोमध्ये वर राहिलेला प्रायमर आपोआप फायर होऊ शकतो. रिमला एक्स्ट्रॅक्टरने उचकटलेला बर असेल तर कानशीने काढा. खांद्यावर ल्यूबचे खळगे असतील तर दिसायला वाईट, पण अडथळा करत नाहीत. आणि हेडस्टॅम्प (बुडावर कोरलेलं काडतुसाचं नाव) वाचा. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलमध्ये काही बुलेटसोबत रेटून बसतं, फायर झालं की रायफल फुटते, आणि दोन्हीची मॅगझिन एकच असते.

डाय जास्त खाली गेली तर

खांदा गरजेपेक्षा मागे गेला की घट्टपणा पूर्ण जातो, हँडल लोण्यासारखं खाली येतं, आणि इथेच लोक थांबतात. पण आता दर फायरिंगला पुंगळी पुढे ताणली जाते आणि बुडाच्या थोडं वर भिंत पातळ होत जाते. बाहेरून तिथे एक चमकती रेघ दिसते. एक पातळ कडक तार घ्या, टोक काटकोनात वाकवून टोकदार करा, पुंगळीत घालून भिंतीवरून खालून वर ओढत आणा. रेघेच्या जागी टोक खाचेत अडलं तर ती पुंगळी आणि तिच्या बरोबरची अख्खी बॅच रद्द, कारण पुढच्या फायरला बूड वेगळं होऊन गरम गॅस अॅक्शनमध्ये येतो.

आधीच भरून ठेवलेली काडतुसं

पन्नास-शंभर भरून झाल्यावर कळलं की सगळी घट्ट आहेत, तर काय? फक्त बुलेट लांब असेल तर क्रिंपचा भाग वर घेऊन सीटिंग डायने थोडी आत ढकला, मॅन्युअलच्या मर्यादेत. बाकी कुठलंही कारण असलं तरी बुलेट ओढून काढा. भरलेलं काडतूस साईझिंग डायमध्ये घालायचं नाही, कुणी कितीही सांगो, आत प्रायमर आणि पावडर आहे आणि अडकलं तर ते बाहेर काढायची कुठलीही सुरक्षित पद्धत नाही. कॉलेट पुलर (बुलेट पकडून ओढणारं साधन) असेल तर काम स्वच्छ होतं, हातोडीवाला पुलर असेल तर डोळ्याला चष्मा हवाच आणि ठोकायला लाकडाचा ओंडका घ्या. पावडर कुठली आहे याची शंभर टक्के खात्री असेल तरच मूळ डब्यात परत, नाहीतर टाकून द्या. प्रायमर तसेच ठेवून साईझ करायचं असेल तर डायमधून डीकॅपिंग पिन (प्रायमर बाहेर ढकलणारी) आधी काढा, ल्यूब नीट लावा, दांडा हळू चालवा. आणि या वेळी परत सगळ्या पन्नास साईझ करू नका, एक साईझ करून रायफलमध्ये घालून बघा. प्रायमर असलेली पुंगळी चेंबरमध्ये घालताना फायरिंग पिन बाहेरच असली पाहिजे.